भागोजी तांडेलाची वाव

॥ श्री ॥
दाभोळ,
दि. ६ मे १९८५

ती. रघूदादास,
तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. पोफळीच्या कॉलनीत पंख्याखाली झोपूनही उकाड्याने जीव नकोसा झाला असे तू लिहितोस. आईचे म्हणणे, रघूला पंख्याची हवा मानवत नाही, त्याला चार दिवस होडीत झोपायला पाठवा. मी फक्त निरोप पोचवते आहे, माझ्यावर रागावू नये.

आता माझी बातमी. परीक्षा संपवून रत्नागिरीहून गोदाआत्याकडून निघाले, तेव्हा आमच्या कॉलेजच्या पावसकर सरांनी माझ्या हातात एक स्टॉपवॉच ठेवले आणि एक अट घातली. विद्यापीठाच्या शर्यतींसाठी जुलैत शिबिर आहे. तीन हजार मीटरला आमच्या कॉलेजातून एकच मुलगी जायची. फेब्रुवारीत मी अकरा मिनिटे चार सेकंदांत धावले होते. आता सुट्टीत तीन रविवार धावून वेळ कळवायची आणि त्यातली एक तरी अकरा मिनिटांच्या आत हवी. येते वर्ष माझे कॉलेजचे शेवटचे. यंदा नाव गेले नाही तर विद्यापीठाची शर्यत मला कधीच मिळणार नाही.

चारशे मीटरचे रिंगण नीट मोजून आखायला सरांनी बजावले होते. ते काम बाबांनी घेतले. रावजी मास्तरांनी पाटीवर गणित केले. चारशे मीटर म्हणजे तेराशे बारा फूट, आणि पुस्तकात एक वाव म्हणजे चार हात, सहा फूट. तेव्हा दोनशे एकोणीस वावेला थोडी कमी. ग्रामपंचायतीची टेप आणू का, असे मास्तरांनी भीतभीत विचारले. बाबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी टेपचे नाव पुन्हा काढले नाही. पोर आपली, गावावरचा कातळाचा सडा आपला, मग माप परक्याचे कशाला, असे बाबांचे म्हणणे. दोन्ही हात पसरून त्यांनी वीस वाव दोरी मोजली, ती सड्यावर अकरा वेळा फिरवली, शेवटच्या खेपेला मास्तरांच्या हिशेबाने थोडी आखूड धरली आणि वळणावळणाला चुन्याने रंगवलेले धोंडे ठेवले. इतके देखणे रिंगण रत्नागिरीतसुद्धा नाही.

काल पहिला रविवार झाला. घड्याळ मास्तरांनी धरले. अकरा मिनिटे एकतीस सेकंद. पहिलाच दिवस म्हणून मी मनाला लावून घेतले नाही.

वहिनीला नमस्कार. पत्र लिहायचा कंटाळा करू नकोस आणि बहिणीवरची माया पंख्याबरोबर गरगर फिरू देऊ नकोस.

तुझी,
तुळसा

---

पोफळी,
दि. ११ मे १९८५

चि. तुळसा हीस,
रघूचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. माझे काम तेच. ओव्हरसियर साहेब टेपचे एक टोक धरतात आणि मी दुसरे. सात वर्षांत माझ्या टोकाला बढती मिळालेली नाही. तुझी वहिनी म्हणते, घरातही मी एका जागी तसाच उभा असतो.

तुझी वेळ वाचली. सत्तावीस सेकंद मागे पडलीस म्हणजे कारण शोधले पाहिजे. माझ्या मते दोष सड्याचा आहे. उघडा कातळ, पायाखाली खडे, त्यात मे महिना. दुसरा दोष आईच्या हातच्या कालवणाचा. सकाळी धावायचे तर आदल्या रात्री तीन वेळा भात मागून घेऊ नये. तिसरा दोष तुझ्या आळसाचा असेल, पण तो मी मोठा भाऊ म्हणून लिहीत नाही. रिंगणाची मात्र शंका नको. बाबांनी मोजले म्हणजे ते मोजले.

ग्लुकोजचा एक पुडा दाभोळला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला आहे. तो मास्तरांना देऊ नकोस, ते चहात घालतील. ती. बाबांना आणि ती. सौ. आईला साष्टांग नमस्कार सांग, आणि येत्या रविवारची वेळ कळव, वाट बघतो.

तुझा,
रघूदादा

---

दाभोळ,
दि. २० मे १९८५

ती. रघूदादास,
शि. सा. न. वि. वि.

ग्लुकोज पोचले. मास्तरांनी चहात घातले.

दुसऱ्या रविवारी अकरा मिनिटे चोवीस सेकंद. काल तिसऱ्या रविवारी अकरा मिनिटे सोळा. दादा, मला यातले काही समजत नाही. अंग हलके आहे, श्वास लागत नाही, पाय मागतात तेवढे मी त्यांना देते. काल शेवटच्या फेरीला वाटले की आज अकराच्या आत नक्की, आणि मास्तरांचे तोंड पाहिले तर उतरलेले. ते बिचारे घड्याळ कानाला लावून बघत होते.

अर्धी वाडी बघायला वर चढली होती. एकेक करून सगळे खाली उतरले.  घरी आल्यावर बाबांनी स्वतःच्या ताटातला सरंग्याचा तुकडा माझ्या पानात ठेवला. मी तो तसाच ठेवून उठले.

तिन्ही वेळा आहेत तशा सरांना कळवल्या. खोटे लिहिणे मला जमणार नव्हते. तू देवाला मानत नाहीस, पण वेळणेश्वराला जाणे झालेच तर माझ्यासाठी हात जोड.

तुझी,
तुळसा

---

रत्नागिरी,
दि. २७ मे १९८५

कु. तुळसा हीस,
स. न. वि. वि.

तुझ्या तिन्ही वेळा मिळाल्या. तू त्या प्रामाणिकपणे कळवल्यास, हे लिहिल्याशिवाय पुढचे लिहिणे योग्य नाही.

फेब्रुवारीपेक्षा तू मागे गेली आहेस. शिबिराला मी तुझे नाव देऊ शकत नाही. यादी २० जूनला जाते, तीत दुसऱ्या मुलीचे नाव घालीन. तुझ्याबद्दल माझी अपेक्षा वेगळी होती, म्हणून मला हे पत्र लिहिणे जड जाते आहे. अभ्यासात लक्ष घाल. स्टॉपवॉच येताना आठवणीने आण.

आपला,
पावसकर

---

दाभोळ,
दि. ३१ मे १९८५

ती. रघूदादास,
शि. सा. न. वि. वि.

सरांचे पत्र सोबत पाठवते, पुन्हा लिहायची मला ताकद नाही. झाले, संपले. बूट मी धुऊन माळ्यावर टाकले. आईने ते खाली काढले, मी पुन्हा वर टाकले. सध्या आमच्या घरात एवढाच खेळ चालू आहे.

बाकी बातमी म्हणशील तर मोरूचे लग्न पुढच्या आठवड्यात. बाबांना नवा सदरा शिवायला दिला आणि दादू शिंपी दुकानातून ओरडत बाहेर आला. त्याचे म्हणणे, भागोजी तांडेलाच्या उंचीच्या माणसाला पुरेल एवढे कापड आणता, आणि दर वेळी बाह्या मनगटाच्या वर चार बोटे राहतात. यापुढे हातांसाठी वेगळे कापड आणा, नाहीतर त्यांना बंडी शिवा. बाबा हसले. किती दिवसांनी हसले. मी मात्र हसले नाही.

पावसाआधी होड्या वर ओढायचे काम चालू आहे. मीही जाते दोराला हात लावायला. तेवढ्या वेळात डोक्यात काही येत नाही. तू येऊन जाशील का एकदा?

तुझी,
तुळसा

---

पोफळी,
दि. ४ जून १९८५

चि. तुळसा हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी टेपचे माझे टोक सोडून दिले. साहेबांनी शिव्या दिल्या. त्या मला लागू आहेत, पण दुसऱ्याच कारणासाठी.

मी किती शहाणा! सात वर्षे मोजमापाच्या कामात आहे आणि तुझे पहिले पत्र वाचून सड्याला, कालवणाला आणि तुला दोष देत बसलो. अगं, मास्तरांची वाव पुस्तकातली. पुस्तकातला माणूस मध्यम अंगाचा असतो. आपल्या बाबांचे हात दादू शिंप्याच्या कापडात मावत नाहीत! त्यांनी हात पसरले की सहा फूट होत नाहीत, जास्त होतात. किती जास्त ते बघ. चार इंच जरी धरले तरी एका फेरीला त्र्याहत्तर फूट होतात. साडेसात फेऱ्यांना साडेपाचशे फूट. म्हणजे दर रविवारी तुझी शर्यत संपून गेली, तरी तू साडेपाचशे फूट पुढे धावत होतीस आणि मास्तर घड्याळ चालू ठेवून उभे होते.

बाबांकडून एक वाव सुतळी मोजून घे आणि दादूच्या टेपला लाव. बाबांना कारण सांगू नकोस. लगेच कर. बूट माळ्यावरून काढ आणि पुन्हा वर टाकलेस तर माझी तुझी बोलाचाल बंद.

घाईत,
रघूदादा

---

दाभोळ,
दि. १३ जून १९८५

ती. रघूदादास,
शि. सा. न. वि. वि.

सहा फूट चार इंच. वळकटी बांधायची म्हणून बाबांकडून वावभर सुतळी मागितली, त्यांनी वर एक टीचभर जास्त दिली, ती मी तोडून टाकली आणि मग मापली. दादूने दोनदा मापली. मी त्याच्या दुकानात उभ्या उभ्या रडले आणि त्याला वाटले सुतळी कमी भरली.

त्याच दिवशी सरांना लिहिले. त्यांचे कार्ड आज आले. ते लिहितात की वेळ कमी पडली की प्रत्येक खेळाडूला मैदान मोठे वाटते, हे त्यांनी वीस वर्षे ऐकले आहे. पण ज्या दोरीने रिंगण आखले ती दोरी आणि ती मोजणारा माणूस समोर आणला, तर ते स्वतः मापून बघतील. यादी २० तारखेला जाते.

दादा, मी बाबांना नेणार नाही. तू रागावशील, पण आधी वाच. परवा सखूच्या दोन मुलांत जाळ्याच्या दोरावरून कडाक्याचे भांडण झाले, हातघाईवर आले होते. बाबा गेले, दोर हातावरून सोडला, इतकी वाव तुझी, इतकी त्याची म्हणाले, आणि दोघे गप्प घरी गेले. बंदरावर कोणी बाबांच्या वावेवर शंका घेतलेली मी जन्मात ऐकलेली नाही. त्यांना वाचता येत नाही, सही येत नाही. त्यांच्यापाशी हे एक आहे. ते घेऊन त्यांना कॉलेजात न्यायचे आणि परक्या माणसासमोर टेप लावायची? माझ्याने होणार नाही. एक शर्यत राहिली तर राहिली. मी मागे पडले नव्हते, हे मला कळले, तेवढे मला पुष्कळ आहे.

पुष्कळ नाही, दादा. पण तुला खरे सांगितले म्हणून कोणाला सांगू नकोस. रविवारी मी रत्नागिरीला आत्याकडे जाते.

तुझी,
तुळसा

---

पोफळी,
दि. १५ जून १९८५

चि. तुळसा हीस,
अ. उ. आ.

हे पत्र एकटीने वाच. बाबांना सांग. मी तुझ्या जागी असतो तर मीही गप्प बसलो असतो, म्हणून तुला सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. बाबांचे हात लांब आहेत म्हणून तुझे वर्ष जाऊ देणे हा न्याय नव्हे. सरांना दोरी पाहिजे आणि दोरीचा धनी पाहिजे. तुला जमत नसेल तर मला तार कर, मी रजा टाकून येतो आणि मी बोलतो. २० तारीख गेली तर मग बोलून उपयोग नाही.

तुझ्यावर रागावलेला आणि तरीही तुझाच,
रघूदादा

---

दाभोळ,
दि. २२ जून १९८५

चि. रघुनाथ यास,
भागोजी तांडेलाचे अनेक आशीर्वाद. हस्ते रावजी मास्तर.

तुझे तुळसाला आलेले पत्र १७ तारखेला पोचले. ती आदल्या दिवशीच गेली होती. आपल्या घरात आलेले पत्र मास्तर वाचतात आणि सगळे ऐकतात, तसे याही वेळी सगळे बसलो. मास्तरांनी एकटीने वाच हेही मोठ्याने वाचले आणि मग थांबले. मी पुढे वाचायला सांगितले.  मग तुळसाच्या ट्रंकेतली तुझी आधीची पत्रे आईने काढून दिली, तीही वाचून घेतली.

मला राग आला. तुझा, मास्तरांचा, दादूचा. हे लिहा म्हणून मास्तरांना सांगतो आहे. दुपारपर्यंत मी ओटीवर बसून राहिलो. मग दोरी काढली. ती मेणकापडात गुंडाळली, कारण भिजली की दोरी आटते आणि मग खरे माप निघत नाही. १८ ला सकाळी तरीतून पलीकडे उतरलो आणि एस.टी. धरली.

कॉलेजच्या लांब व्हरांड्यात सरांनी दोरी पसरली आणि लोखंडी टेप लावली. वीस वाव म्हणजे एकशे वीस फूट पाहिजे होती. एकशे सव्वीस फूट आठ इंच भरली. सरांनी मला हात पसरून भिंतीशी उभे केले आणि तेही मापले. पोरे बघत होती. तुळसाला कोणीतरी बोलावून आणले, ती खांबाशी उभी राहून रडत होती. मी सरांना सांगितले, पोरीची वेळ खरी आहे, माप माझे जास्त आहे, चूक माझ्याकडे धरा. मला वाटले होते बोलता येणार नाही. आले.

सरांनी कागदावर गणित केले. मग ते दुसऱ्यांदा केले. म्हणाले की सड्यावर तिसऱ्या रविवारी ही मुलगी खऱ्या तीन हजार मीटरला दहा मिनिटे चाळीस सेकंदांत धावली, आणि विद्यापीठाचा विक्रम दहा मिनिटे त्रेचाळीस आहे. त्यांनी मला खुर्ची दिली. नाव यादीत गेले.

परत आल्यावर बंदरावर सर्वांना सांगितले की माझी वाव चार इंच जास्त आहे, ज्याला टेपने घ्यायचे त्याने टेपने घ्यावे. कोणी तयार नाही. दोर विकत घेताना दर वावेला चार इंच वर मिळतात, ते कोण सोडतो! सखूची मुले मात्र एकमेकांकडे बघू लागली, त्यांना मी सांगितले की दोघांना सारखेच जास्त दिले आहे.

तुझी आई बरी आहे. भाऊ म्हणून केलेस ते चांगले केलेस.

भागोजी

ता. क. गणित माझे होते आणि ते बरोबर होते, हे कृपया लक्षात घ्यावे. तरी तीन रात्री झोप नाही. — रावजी मास्तर

---

मुंबई,
दि. १५ डिसेंबर १९८५

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
तुळसाचा शि. सा. न. वि. वि.

मास्तर, सावकाश वाचा, काही गाळू नका.

काल शर्यत झाली. आम्ही चौदाजणी होतो. शिबिरात सरांनी एकच घोकून घेतले होते की पहिल्या दोन फेऱ्या मागे राहायचे. मी राहिले. तिसऱ्या फेरीला पुढच्या दोघींचे खांदे हलायला लागलेले दिसले, तेव्हा कळले की त्या थकल्या. पाचव्या फेरीला मी पुढे गेले. नंतर माझ्यापुढे कोणी नव्हते आणि मला भीती वाटली, कारण पुढे कोणी नसताना मी फक्त सड्यावर धावले होते. म्हणून मी सडा समजूनच धावले. शेवटच्या वळणावर पायांत अजून शिल्लक होते आणि फीत समोर आलीसुद्धा. मी ती तोडून पुढे धावतच राहिले, सरांनी मागून येऊन मला धरले.

दहा मिनिटे अडतीस सेकंद. आई, विद्यापीठात आजवर कोणतीही मुलगी इतक्या कमी वेळात धावलेली नाही. नवा विक्रम झाला की मैदान पुन्हा मोजतात. चार माणसे टेप घेऊन फिरली आणि मी अर्धा तास घास न गिळता बसून होते. चारशे मीटर भरले, वर दोन बोटे. तेव्हा कुठे मी जेवले.

जानेवारीत सगळ्या विद्यापीठांच्या स्पर्धा आहेत, त्याला माझे नाव गेले आहे. रघूदादा मैदानावर आला होता. तो इतका ओरडला की त्याचा आवाज गेला आहे, दोन दिवस वहिनीला आराम. आत्याने चांदीची जोडवी देईन म्हणून कबूल केले आहे, लग्न ठरेल तेव्हा. तोवर बूट पुरेत.

बाबा, तुम्ही यायला हवे होते. आशीर्वाद असू द्यावा, तो नेहमीसारखा हात पसरून द्यावा.

तुमची,
तुळसा

---

दाभोळ,
दि. २४ डिसेंबर १९८५

चि. तुळसा हीस,
भागोजीचे अनेक आशीर्वाद. हस्ते रावजी मास्तर.

पत्र तीनदा वाचून घेतले. एकदा घरात, एकदा बंदरावर आणि एकदा दादूच्या दुकानात, कारण तो स्वतःला तुझा गुरू समजतो. आई देवळात जाऊन आली. गाववाल्यांना पेढे वाटले.

एक गोष्ट मनात आहे. मास्तरांना सांगितले आहे की माझे शब्द बदलू नका.

फेब्रुवारीत रत्नागिरीला मी तुझी धाव पाहिली होती. मे महिन्यात सड्यावर तू त्याहून जोरात धावत होतीस. मला ते पहिल्याच रविवारी दिसले. पस्तीस वर्षे किनाऱ्यावर उभा राहून लांबची होडी किती वेगात आहे ते मी सांगतो, ते कधी चुकले नाही. तरी घड्याळ नाही म्हणाले तेव्हा मी मनात म्हटले, पोरीत दम नाही, बापाला उगाच वाटते. माझी मुलगी कमी पडली हे मला पटले. माझा हात चुकला असेल हे मनातसुद्धा आले नाही. सरांच्या व्हरांड्यात भिंतीशी उभा होतो तेव्हा मला लाज वाटली ती याची. टेपची नाही.

आणि तू. तुला कळले होते, तरी तू गप्प राहिलीस. बापाला वाईट वाटेल म्हणून शर्यत सोडून निघालीस. रघूचे पत्र मास्तरांनी वाचले नसते तर मला आयुष्यात कळले नसते. ते मला सगळ्यात जास्त लागले.

यापुढे माझे काही चुकते आहे असे दिसले तर आधी मला सांग. मी रागावेन. पण सांग.

तुझा बाप,
भागोजी